पिनांगला साडेतीन वाजता

“एक,” बाबा म्हणाले.

“दोन,” मुग्धा म्हणाली. माझी भाची, वय वर्षं एकोणीस, त्यामुळे आवाजात कंटाळा.

तीन तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ सुहास, चार त्याची बायको वैदेही, पाच माझे यजमान विश्राम आणि सहा मी. हजेरी पुरी झाल्यावर जहाजाच्या जिन्यापाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडवून, मी सगळ्यांना दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम वाचून दाखवला. सातला नाश्ता. आठला पिनांग बंदर. सव्वाआठला व्हॅन. मग डोंगरावर चढणारी रुळांवरची गाडी, मग देऊळ, मग फुलपाखरांची बाग, मग जायफळाची खरेदी वीस मिनिटं आणि साडेतीनला परत बंदराच्या गेटवर. जहाजात चढायची शेवटची वेळ पाच. जहाज सुटणार सहाला.

“एकटं कुणी कुठे जायचं नाही. जोडी सोडायची नाही,” मी म्हणाले.

“आणि बाथरूमला जायचं तर हात वर करायचा,” विश्राम म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण कागदाची घडी नीट घालून पर्समध्ये ठेवली.

त्यांनी चेष्टा करायची, हे ठरलेलंच होतं. चिपळूणच्या शाळेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. बावीस सहली नेल्या आणि एकही मूल कुठे मागे राहू दिलं नाही. मुख्याध्यापिका निवृत्त होते, तिची शिट्टी होत नाही. ती खरोखरच माझ्या पर्समध्ये होती.

चार दिवसांची ही जहाजाची सफर आम्ही बाबांसाठी काढली होती. बाबा, म्हणजे भिकाजी मयेकर, चोवीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होते, तेही खाली इंजिनखान्यात. समुद्रावर एवढी वर्षं राहून त्यांना समुद्र फारसा दिसलाच नव्हता. ऐंशीव्या वर्षी तरी वरच्या डेकवर खुर्ची टाकून त्यांनी चहा प्यावा, अशी आमची हौस. सिंगापूरला जहाजात चढल्यावर त्यांनी आधी जमिनीला पाय लावून खालच्या इंजिनाची थरथर ऐकली आणि मान हलवली. मग खांद्यावरचा लाल चौकड्यांचा पंचा झटकून खुर्चीत बसले. तो पंचा मी तीनदा बॅगेतून काढून टाकला होता, फोटोत बरा दिसत नाही म्हणून. तिन्ही वेळा तो परत त्यांच्या खांद्यावर आला.

तीच गत घड्याळाची. सगळ्यांनी आपापली घड्याळं जहाजाच्या वेळेला लावायची, असं मी पहिल्याच हजेरीला बजावलं होतं. बाबांनी लावलं नाही. ते म्हणाले, जहाजाची वेळ भिंतीवर असते, हातावर घरची ठेवायची. आई कधी चूल पेटवत असेल ते कळायला त्यांना तेवढंच साधन होतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी वेळापत्रकात त्यांच्या घड्याळावर भिस्त ठेवायची नाही, अशी मनाशी नोंद केली.

दुसरी शिस्त इंटरनेटची. भर समुद्रात फोनला रेंज नसते. जहाजाचं इंटरनेट घ्यावं लागतं आणि आम्ही ते एकाच फोनवर घेतलं होतं, दिवसाचे दोन तास. फोन अर्थातच माझा. कुणी कधी वापरायचा त्याचा तक्ता मी आमच्या केबिनच्या आरशावर चिकटवला होता. बाबांच्या नावापुढे त्या संध्याकाळची सहा ते साडेसहा ही वेळ होती. सबंध सफरीत त्यांनी तेवढंच मागितलं होतं. तेवढंच, आणि पिनांग.

पिनांगचं असं होतं की तिथे इब्राहीम परकार राहत होते.

दाभोळच्या खाडीकाठी आमचं गाव. परकारांचं घर मोहल्ल्यात, आमचं भंडारवाड्यात, मध्ये एक ओढा. बाबा आणि इब्राहीमचाचा एकाच दिवशी, एकाच लाँचमधून मुंबईला गेले आणि एकाच जहाजावर लागले. एकदा बाबा तापाने आडवे झाले. आजारी खलाशाला पुढच्या बंदरावर उतरवून द्यायचे, मग परत काम मिळेल याची खात्री नसायची. तेव्हा इब्राहीमचाचांनी अकरा दिवस स्वतःची पाळी संपवून बाबांची पाळी केली आणि वरच्या साहेबाला पत्ता लागू दिला नाही. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. पुढे इब्राहीमचाचांनी पिनांगच्या एका मुलीशी लग्न केलं, खानावळ काढली आणि तिथलेच झाले. काही वर्षं पत्रं येत होती. मग तीही थांबली. सेहेचाळीस वर्षांत दोघं एकमेकांना दिसले नव्हते.

आमचं तिकीट निघाल्यावर बाबा स्वतः एस. टी.ने गावी गेले, इब्राहीमचाचांचा पुतण्या लतीफ याला गाठलं आणि नंबर घेऊन आले. मी फोन लावून दिला. सुरुवातीला दोघंही नुसते खोकत होते. शेवटी ठरलं ते असं की जहाज लागेल त्या दिवशी इब्राहीमचाचा बंदराच्या गेटवर येतील. नेमकी वेळ बाबांनी आदल्या संध्याकाळी कळवायची. त्यांची नात नूर निरोप वाचून दाखवेल.

“मला गेटावर सोडा नि तुम्ही जा फिरायला,” बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं. “संध्याकाळी मी तिथंच भेटेन.”

मी ऐकलं नाही. परक्या देशात ऐंशीच्या माणसाला एकटं सोडायचं, फोन चालत नाही, चक्कर आली तर कळणार कुणाला? शिवाय व्हॅन सहा जणांची ठरवलेली, जोड्या ठरलेल्या. बाबांची जोडी मुग्धाशी होती.

“परका देश कसा बाय? तेरा वेळा उतरलोय मी तिथं.”

“तेव्हा तुम्ही तिशीत होतात, बाबा. आपण असं करू. साडेतीनला आपण परत येऊ. पाचपर्यंत तुम्ही दोघं गेटवर निवांत बसा. दीड तास मिळेल.”

बाबांनी थोडा विचार केला. “दीड तास पुष्कळ झाला,” ते म्हणाले. मला वाटलं, बघा, कसं सगळ्यांचं मन राखून जमवलं. तडजोड काढण्यात माझा हातखंडा होता, निदान शाळेत तसं म्हणत असत.

तर त्या संध्याकाळी हजेरी झाल्यावर मी फोन घेऊन बसले. वेळ माझीच होती, साडेपाच ते सहा. निवृत्त शिक्षकांच्या आमच्या ग्रुपवर मी सिंगापूरचे फोटो टाकले. लगेच धडाधड उत्तरं. बाई, काय थाट आहे. बाई, तुम्ही तर ओळखू येत नाही. इंग्रजीच्या कुलकर्णीबाई, ज्यांनी नोकरीच्या काळात मला कधी धड नमस्कार केला नव्हता, त्यांनी तीन अंगठे पाठवले. मी एकेकाला उत्तर देत गेले. आणखी फोटो टाकले. फोटो जायला वेळ लागत होता आणि मला तो वेळ गोड लागत होता.

बाबा सहाला येऊन दारात उभे राहिले. हातात इब्राहीमचाचांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. तो नंबर माझ्या फोनमध्ये कधीच साठवलेला होता, तरी ते चिठ्ठी घेऊन आले होते. मी दोन मिनिटं म्हणाले. ते पलंगाच्या कडेवर बसले. नंतर घड्याळ पाहिलं तेव्हा सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

मी घाईघाईने लिहिलं: इब्राहीमचाचा, बाबा उद्या दुपारी साडेतीनला गेटवर येतील. पाठवलं. निरोपापाशी ते छोटं घड्याळाचं चिन्ह आलं आणि तिथेच राहिलं. चाक फिरत होतं. मग पडद्यावर पाटी आली की आजचे दोन तास संपले.

“गेला?” बाबांनी विचारलं.

“गेला,” मी म्हणाले.

सकाळी नवे दोन तास मिळणार होते. नाश्त्याच्या वेळी फोन जोडला की निरोप आपोआप जाईल, हे मला माहीत होतं. म्हणून तसं ते खोटं नव्हतंच, असं मी स्वतःला समजावलं आणि जेवायला गेले.

सकाळी वैदेहीची टोपी सापडेना. विश्राम चष्मा विसरून परत केबिनमध्ये गेले. सुहास दुर्बीण गळ्यात घालून डेकवर पक्षी बघत बसलेला, त्याला शोधून आणावं लागलं. एक ते सहा आकडे पुरे करता करता मी फोन जोडायचं साफ विसरले. लक्षात आलं तेव्हा आम्ही डोंगरावर जाणाऱ्या गाडीच्या रांगेत होतो आणि जहाज मागे बंदरात राहिलं होतं.

तिथल्या एका उपाहारगृहाच्या वायफायला जोडून बघितलं, पण त्याला तिथला स्थानिक नंबर लागत होता. कुणाला सांगावं तर सगळ्यांसमोर माझी चूक उघडी पडणार. आणि सांगून तरी काय होणार होतं? इब्राहीमचाचा येणार तर होतेच. फार तर लवकर येतील, थोडी वाट बघतील. वेळेवर पोचायचं, एवढंच आता माझ्या हातात होतं.

बाबा दिवसभर खुशीत होते. डोंगरावरून त्यांनी मुग्धाला बंदर दाखवलं, कुठल्या धक्क्याला त्यांचं जहाज लागायचं ते दाखवलं. फुलपाखरांच्या बागेत एक फुलपाखरू त्यांच्या पंच्यावर बसलं तर ते उडेपर्यंत दहा मिनिटं जागचे हलले नाहीत. खिशात त्यांनी एक पुडी ठेवली होती. गावाहून आणलेली वाळवलेली कोकमं. खिसा चाचपून ते अधूनमधून हातावरचं घड्याळ बघत आणि मनातल्या मनात अडीच तास मिळवत.

पावणेतीनला आम्ही जायफळाच्या दुकानापाशी पोचलो. तिथून बंदर वीस मिनिटांवर. तीनला मी शिट्टी वाजवली. एक आला, दोन आला, तीन आला, सहा मीच. चार आणि पाचचा पत्ता नाही. वैदेही आणि विश्राम शेजारच्या गल्लीत स्वस्त मिळतं म्हणून गेल्याचं दुकानदाराने खुणेने सांगितलं. सुहास त्यांना शोधायला निघाला, मी त्याला अडवलं. शोधायला गेलेलाच हरवतो, हा माझा बावीस सहलींचा अनुभव होता.

सव्वातीन झाले. साडेतीन झाले. समोर टॅक्सी उभी होती.

“बाय, मी नि ही पोर पुढं होतो,” बाबा म्हणाले. “जोडी हाय की. टॅक्सीनं जातो गेटावर.”

नियमाप्रमाणे ते बरोबर होते. जोडी होती. बंदर सरळ रस्त्यावर होतं. पण माझं लक्ष सगळं मोजणीकडे लागलं होतं. चार आणि पाच हरवलेले असताना एक आणि दोन नजरेआड करायचे, हे मला जमेना.

“आता आणखी फाटाफूट नको, बाबा. निघायचं तर सगळे एकत्र निघू. पाचच मिनिटं.”

मुग्धा म्हणाली, आत्या, जाऊ दे ना आम्हाला. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. बाबा कडेच्या पायरीवर पंचा अंथरून बसले.

चार आणि पाच सव्वाचारला हसत हसत पिशव्या घेऊन आले. मग रस्त्यावर गर्दी लागली. गेटवर उतरलो तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. रखवालदार हाताने लवकर लवकर म्हणत होता. गेटच्या बाहेर झाडाखाली प्लॅस्टिकचं एक लाल स्टूल रिकामं पडलेलं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. बाबा तिथेच उभे राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले, मग परत पहिल्यापासून.

“बाबा, चला. गेट बंद होईल.”

“जरा थांब.”

“ते येऊन गेले असतील नाहीतर आलेच नसतील. आता काही उपयोग नाही. चला.” मी त्यांचा दंड धरला. तो दंड मी कसा धरला होता हे मला आजही आठवतं. शाळेत प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर गेलेल्या मुलाचा धरतात, तसा.

सहाला भोंगा झाला. वरच्या डेकवर गाणी लागली होती, लोक कठड्याला टेकून किनाऱ्याला हात करत होते. ऊन उतरलं होतं. बाबांनी सुहासकडे दुर्बीण मागितली. बराच वेळ ते किनारा न्याहाळत राहिले. बंदराच्या कडेने समुद्राला लागून रस्ता होता, त्यावर संध्याकाळची माणसं फिरत होती, एवढंच मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. मग बाबांनी दुर्बीण परत दिली. खांद्यावरचा पंचा काढला, दोन्ही हातांनी दोन टोकं धरून डोक्याच्या वर नेला आणि संथपणे हलवू लागले. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

ही आमच्या गावची रीत. लाँच सुटली की जाणारा असा पंचा हलवायचा, धक्क्यावरचा माणूस हातात असेल ते फडकं हलवायचा आणि लाँच भोंड्या खडकाच्या आड जाईपर्यंत किनाऱ्यावरच्याने पाठ फिरवायची नाही. लहानपणी मी आईच्या कडेवर बसून पदराचं टोक हलवलेलं होतं. पण त्या क्षणी मला ते काही सुचलं नाही. मला वाटलं, बाबांना मजा आली. आजूबाजूचे लोकही कौतुकाने बघत होते, दोघातिघांनी आपापले टॉवेल हलवायला घेतले. वाटलं, चला, दुपारचं ते विसरले. मी पटकन फोटो काढला. चेहऱ्यावर ऊन, वर ताणलेला पंचा, इतका सुंदर फोटो माझ्या हातून पुन्हा आला नाही. जहाज वळून किनारा पुसट होईपर्यंत ते तसेच हलवत राहिले. मी सांगत होते, बाबा, हात दुखतील.

नंतर जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन मी फोन जोडला.

पहिल्यांदा माझाच निरोप गेला. उद्या दुपारी साडेतीनला गेटवर येतील. घड्याळ जाऊन तिथे खूण आली. मग नूरचे निरोप एकापाठोपाठ येऊन पडले. आजोबांना ती नाना म्हणत होती. सकाळी नऊ, नाना गेटवर पोचले आहेत. साडेनऊ, कोणत्या गेटने येताय? अकरा. दीड. तीन. नाना जेवायला घरी यायला तयार नाहीत. शेवटी एक आवाजातला निरोप होता. फोन मी कानाला घट्ट लावला.

“भिका, मी गेटावर हाय. सकाळपास्नं हाय, सावली हाय हितं, तू घाई करू नको. पोरीला तरास देऊ नको. तुला सवड होईल तवा ये.”

मी तो एकदाच ऐकला. मग सगळे निरोप पुसले आणि तो नंबर बंद करून टाकला. का, तर उद्या परवा आणखी काही येईल आणि बाबांच्या समोर वाजेल. मुलांना खोटं बोलल्याबद्दल मी एकतीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलं. त्या कोपऱ्यात मला बाहेर काढायला कुणी नव्हतं.

जेवणाच्या टेबलावर सगळे जमले. जायफळाचं कौतुक चाललं होतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि बाबांना म्हणाले, “बाबा, इब्राहीमचाचांचा निरोप आला. त्यांना अचानक मुलाकडे क्वालालंपूरला जावं लागलं म्हणे. फार वाईट वाटलं त्यांना. यायला जमलं नाही.”

बाबांनी पावाचा तुकडा मोडला. माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण वैदेहीचं एक अख्खं वाक्य मध्ये बोलून झालं.

“बरं झालं,” ते म्हणाले. “उन्हात ताटकळत बसला नाय, ते बरं झालं.”

मी सुटकेचा श्वास सोडला. निभावलं, असंच वाटलं मला. त्यांच्या खिशातली कोकमाची पुडी मी घरी आल्यावर धुण्याच्या कपड्यांतून काढली.

त्यानंतर तीन वर्षं बाबांनी इब्राहीमचाचांना फोन लावून दे, असं एकदाही म्हटलं नाही. मला भीती होती ती त्याचीच. फोन लागला असता तर दोन मिनिटांत माझं पितळ उघडं पडलं असतं. पहिले काही महिने ते चिठ्ठी हातात घेऊन आले तर काय सांगायचं, याची तयारी करून ठेवली होती. नंबर बदलला, लागत नाही, वगैरे. पण ते आलेच नाहीत. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, ओढ असते ती एकदा विरली की विरली, असं मी विश्रामांना म्हणालेही. तो डेकवरचा फोटो मी मोठा करून हॉलमध्ये लावला होता. घरी कुणी आलं की बाबा जहाजाच्या गमती सांगत, माझ्या शिट्टीची नक्कल करत. इब्राम कसा आहे, असं गावचं कुणी विचारलं तर म्हणत, “बरा हाय, मुलाकडं गेलेला, भेट नाय झाली.” माझे शब्द ते जसेच्या तसे सांगत आणि मी तिथे असले तर माझ्याकडे बघत नसत.

तिसऱ्या वर्षी श्रावणात लतीफ चिपळूणला आमच्या घरी आला. दारातच त्याने टोपी काढली तेव्हा बाबा समजले. इब्राहीमचाचा मंगळवारी गेले होते. गावात कळवून झालं होतं, पण भिकाजीकाकांना स्वतः जाऊन सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. मी चहा टाकला. चहा घेऊन आले तेव्हा लतीफ हॉलमधल्या फोटोकडे बघत होता.

“हाच की तो पंचा,” तो म्हणाला. “चाचा दर ईदेला फोनवर हेच सांगायचा. सकाळपासून गेटावर बसलो, वॉचमननं स्टूल दिलान. साडेचारला वॉचमन बोलला, आता कोण बाहेर येणार नाय, सगळे चढले. मग नूर त्याला दर्याच्या कडेला घेऊन गेली, जहाज तरी बघू म्हणून. तर वर भिका. पंचा हलवतोय. चाचानं लुंगीचा जोड आणला होता तुमच्यासाठी भेट, तोच काढला नि हलवलान. नूर बोलली, नाना, जहाज गेलं, चला. तर म्हणतो कसा, ते आड होईस्तोवर पाठ फिरवायची नाय.”

माझ्या हातातला ट्रे मी टेबलावर ठेवला.

“आणि ताई, तुमचा मेसेज आला नंतर, साडेतीनला येतो म्हणून,” लतीफ हसून माझ्याकडे वळला. “नूर चिडली होती. चाचा बोलला, चिडतेस कशाला, पोरीनं मुंबईचं टायम लिहिलान. तिथं आता साडेतीनच झालेत. बरोबर टायमाला तर भेटलो आम्ही.”

बाबा ऐकत होते. त्यांनी मान हलवली.

“होय,” ते म्हणाले. “दिसला होता मला. हिरवी लुंगी होती.”

लतीफ गेल्यावर मी बाबांच्या समोर जमिनीवर बसले. खुर्चीवर बसायचं धाडस झालं नाही. चहाच्या कपांवर साय धरली होती.

“तुम्हाला माहीत होतं. मी टेबलावर सांगितलं तेव्हा.”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत? तिथल्या तिथे माझ्या तोंडात मारायची होती.”

“सगळ्यांच्या देखत? एवढं सगळं आखलंस तू आमच्यासाठी. कागद केलेस.” त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. “नि आमची भेट झाली होती, बाय. लांबनं झाली, पण झाली. तुझं खोटं आत शिरायच्या आधी झाली.”

मी रडत होते. तरीही मला एक प्रश्न विचारायचा होता आणि त्याचं उत्तर काय असेल, हे विचारायच्या आधीच मला कळायला लागलं होतं.

“नंतर तीन वर्षं तुम्ही फोन का नाही मागितलात? बोलता आलं असतं हो तुम्हाला. ते होते की.”

बाबांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्या हातात दिला, तोंड पुसायला.

“फोनवर तो बोललाच असता, की मी आलो होतो. नि तू तिथंच उभी असतीस, फोन धरून. मग मी तुझ्याकडं कसा बघणार होतो?”

त्या वाक्याला आता आठ वर्षं झाली. बाबा त्याच्या पुढच्याच वर्षी गेले. इब्राहीमचाचांनी त्यांच्यासाठी अकरा दिवस दोन पाळ्या केल्या होत्या आणि त्या माणसाशी ते माझ्यापायी तीन वर्षं बोलले नव्हते. माझं तोंड वाचवायला. ते मी वाचवून घेतलं आणि वर म्हणाले की ओढ विरली.

त्या दिवशी, लतीफ आला त्या दिवशी, संध्याकाळी मी फोटो भिंतीवरून उतरवला. किनाऱ्यावर हिरवं काही दिसतं का, ते मला बघायचं होतं. पण फोटोत किनारा नव्हता. मोठा करून घेताना, बाबा मध्यभागी नीट यावेत म्हणून, मीच तो कापून टाकायला सांगितला होता. मूळ फोटो ज्या फोनमध्ये होता तो कधीच बिघडून गेला होता. कठडा होता, बाबांचे वर गेलेले दोन हात होते. डाव्या मनगटावरून बाही खाली घसरली होती आणि घड्याळ स्वच्छ दिसत होतं. एवढी वर्षं भिंतीवर होतं, मी कधी वाचलं नव्हतं. घरच्या वेळेने तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.